कारणाच्या रकान्यांतील गांजा

मादक पदार्थ हौसेखातर सेवन केल्यानें मेंदूस कायमची इजा होते कीं काय, हा प्रश्न अलीकडे 'एक्स्टसी' नांवाच्या गोळीसंबंधानें वारंवार विचारला जातो. गोव्याच्या किनाऱ्यावर रात्रभर चालणाऱ्या नृत्यमेळ्यांच्या बातम्यांनीं ही गोळी आपल्याकडे ठाऊक झाली. आणि मुलांना शिक्षणासाठीं परगांवीं धाडणाऱ्या बल्लारपुरासारख्या गांवच्या आईबापांनाहि तिची धास्ती वाटावी हें स्वाभाविक आहे. प्रश्न नवा दिसतो. परंतु याच जातीचा प्रश्न आपल्या देशापुढें पूर्वीं एकदां गांजाच्या निमित्तानें आला होता. आणि त्या चौकशींत जो दोष उघडकीस आला, तशाच प्रकारचा दोष पुढें एक्स्टसीच्या बाबतींतहि घडला. म्हणून ती जुनी हकीकत प्रथम पाहणें इष्ट होईल.

ता. २ मार्च १८९३ रोजीं विल्यम स्प्रॉस्टन केन या सभासदानें ब्रिटिश पार्लमेंटांत बंगालमधील गांजाच्या लागवडीविषयीं व व्यापाराविषयीं प्रश्न उपस्थित केला. गांजानें वेड्यांचीं इस्पितळें भरत आहेत, असा त्या काळीं बोलबाला होता. हिंदुस्थान सरकारनें चौकशीचें क्षेत्र सबंध देशभर वाढवून जुलै महिन्यांत सात सभासदांचें कमिशन नेमलें. मॅकवर्थ यंग हे त्याचे अध्यक्ष; मध्यप्रांतांतील मुलकी अधिकारी फ्रेझर हे एक सभासद; आणि ताहिरपूरचे राजेसाहेब, कंवर हरनामसिंग व लाला निहालचंद हे तिघे हिंदी सभासद. कमिशननें ११९३ साक्षीदारांचें म्हणणें नोंदवून १८९४ सालीं आपला अहवाल सादर केला.

बल्लारपूर ज्या चांदा जिल्ह्यांत होतें, तो तेव्हां मध्यप्रांतांत मोडत असे. आणि त्या प्रांतांत नागपूर व जबलपूर येथें वेड्यांचीं इस्पितळें होतीं. १८५८ च्या कायद्यानें, भटकणाऱ्या वेड्यास पोलिसांनीं मॅजिस्ट्रेटपुढें न्यावें आणि त्याच्या हुकुमावरून इस्पितळांत पाठवावें, अशी रीत घालून दिली होती. रोग्यासोबत एक वर्णनपत्रक जाई, आणि त्यांत वेडाच्या कारणाचा रकाना असे. सगळी मेख या रकान्यांत होती. ज्याचे आप्त जवळ नाहींत, ज्याला स्वतःविषयीं धड सांगतां येत नाहीं, अशा माणसाच्या वेडाचें कारण पोलिस शिपायानें काय लिहावें? रकाना कोरा ठेवणें बरें दिसत नसे. मनुष्य गांजा ओढतो एवढें कळलें कीं 'गांजा' हा शब्द लिहिला जाई. इस्पितळाचा कारकून तोच आपल्या वहींत उतरून घेई. आणि वर्षअखेर त्याच शब्दांची बेरीज होऊन सरकारी तक्ता तयार होई.

कमिशननें या तक्त्यावर विसंबून न राहतां मूळ कागद मागविले. १८९२ सालीं देशांतील इस्पितळांत १३४४ रोगी दाखल झाले होते, व त्यांपैकीं २२२ जणांचें वेड गांजा, भांग अथवा चरस यांवर घातलें होतें. एकेक प्रकरण तपासतां त्यांतलीं केवळ ९८ टिकलीं. आणि त्यांतहि निव्वळ या पदार्थांमुळेंच वेड लागलें असें ६१ ठिकाणींच म्हणतां आलें. वेडाची लहर येऊं लागल्यावर मनुष्य गांजाकडे वळतो, म्हणजे परिणामासच कारण समजण्याची चूक होते, हेंहि कमिशनच्या ध्यानांत आलें. कलकत्त्यास डॉ. कनिंगहॅम यांनीं माकडास कित्येक महिने गांजाचा धूर देऊन पुढें त्याचा मेंदू तपासला. त्यांत गांजामुळें झालेली विकृति आढळली नाहीं. बेताच्या सेवनानें मनास इजा होत नाहीं, अतिसेवनानें मात्र, विशेषतः मूळचीच दुर्बळता असल्यास, वेड लागूं शकतें, असा अखेरचा निष्कर्ष निघाला. राजेसाहेब व लाला निहालचंद यांनीं आपलीं भिन्न मतें अहवालास जोडलीं.

येथें कोणी असा अर्थ काढील कीं गांजा निर्दोष ठरला. तसें नाहीं. ९८ म्हणजे शून्य नव्हे. आणि त्या काळच्या सूक्ष्मदर्शकास जें दिसलें नाहीं तें नव्हतेंच, असेंहि म्हणतां येत नाहीं. स्वीडनमध्यें सैन्यभरतीच्या सुमारें ४५,००० तरुणांवर पंधरा वर्षें नजर ठेवून १८ वर्षांच्या वयापर्यंत गांजा वारंवार ओढणारांत पुढें स्किझोफ्रेनियाचें प्रमाण बरेंच अधिक आढळल्याचें १८८७ नंतर शंभर वर्षांनीं, म्हणजे १९८७ सालीं, प्रसिद्ध झालें. कमिशननें धोका नाहीं असें सिद्ध केलें नाहीं. पुरावा कसा तपासावा तें दाखविलें.

आतां एक्स्टसीकडे वळूं. हें द्रव्य १९१२ सालीं जर्मनींतील मर्क कंपनीच्या रसायनशाळेंत प्रथम तयार झालें. मेंदूंतील सेरोटोनिन नामक द्रव्याचा सांठा तें एकाएकीं मोकळा करतें, आणि त्यामुळें कांहीं तास उल्हास वाटतो. सप्टेंबर २००२ मध्यें 'सायन्स' या विख्यात नियतकालिकांत अमेरिकेंतील जॉन्स हॉप्किन्स विद्यापीठाच्या संशोधकांचा एक निबंध आला. एका रात्रींत घेतल्या जाणाऱ्या मात्रेइतकें औषध माकडांना व बबून वानरांना दिलें असतां त्यांच्या मेंदूंतील डोपामिनच्या पेशींना गंभीर इजा झाली, असें त्यांत म्हटलें होतें. वर्षभरानें संशोधकांनींच तो निबंध मागें घेतला. कारण एक जनावर सोडून बाकी सर्वांना एक्स्टसीऐवजीं मेथॅम्फेटामिन हें निराळेंच द्रव्य दिलें गेलें होतें. बाटलीवरील चिठ्ठी चुकीची होती! पोलिसांच्या पत्रकांतील रकाना आणि प्रयोगशाळेंतील बाटलीची चिठ्ठी यांत, वाचकहो, आम्हांस फारसा फरक दिसत नाहीं.

हा एक निबंध रद्द झाला म्हणून गोळी निरुपद्रवी ठरत नाहीं. मोठ्या मात्रेनें जनावरांच्या सेरोटोनिन-तंतूंना इजा होते, हें निराळ्या प्रयोगांत दिसलेलें आहे. हॉलंडमध्यें गोळी अजून न घेतलेल्या तरुणांना आधीं तपासून पुढें पुन्हां तपासलें. तेव्हां ज्यांनीं मध्यंतरीं ती घेतली, त्यांची शब्दांची स्मरणशक्ति किंचित् मागें पडल्याचें २००७ सालीं प्रसिद्ध झालें. उलट, इतर व्यसनें जवळजवळ नसलेले ५२ सेवनकर्ते निवडून केलेल्या अमेरिकन तपासणींत, २०११ सालीं, विशेष बिघाड आढळला नाहीं. फार सेवन करणारांच्या मेंदूंत दिसणारा फरक सेवन सोडल्यावर कांहीं अंशीं भरून येतो, असेंहि दिसतें. तात्पर्य, वारंवार व भरपूर सेवनानें स्मृतीस धक्का बसण्याचा संभव बराच आहे. एखाद्या गोळीनें मेंदू कायमचा जातो, हें सिद्ध नाहीं. शरीर तापून अथवा रक्तांतील क्षार अतिशय उतरून तत्काळ मृत्यु येऊं शकतो, हें मात्र निश्चित आहे. आणि बाजारांतील गोळींत प्रत्यक्ष काय आहे, याचा भरंवसा कोणीहि देऊं शकत नाहीं.

मग एवढी काटेकोर वाटाघाट कशाला, भीति घातली म्हणजे झालें, असें कित्येक म्हणतील. आमच्या भागास हा वाद नवा नाहीं. गडचिरोली जिल्ह्यांत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपूर जिल्ह्यांत ती १९१५ नव्हे, अगदीं कालपरवां २०१५ सालीं आली व २०२१ सालीं उठली. बंदी असावी कीं नसावी हा प्रश्न वेगळा. पण दोन्ही बाजूंनीं अतिशयोक्तीचा मारा सुरू झाला कीं खरी हानि मोजण्याचें काम मागें पडतें. मुलास सांगितलेली एक गोष्ट खोटी ठरली कीं तो खरीहि मानीनासा होतो, हें घरोघरच्या वडीलमंडळींस ठाऊक आहे.

शिवाय, ज्यांच्या नांवापुढचा 'गांजा' कमिशननें ग्राह्य मानला नाहीं त्या १२४ रोग्यांचा विचार मनांत येतो. कोणास जुना ज्वर असेल, कोणास आनुवंशिक रोग, कोणास निव्वळ उपासमार. पत्रकांत कारण लिहिलेलें होतें, म्हणून तें शोधण्याची गरज कोणास भासली नसावी. चुकीच्या कारणाची खरी किंमत रोग्यास द्यावी लागते.