गाणगापुरी मुक्काम

मुडबी परिसरातील आपल्या जुन्या मराठी घराण्यांचे गाणगापूरला जाणे-येणे पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे. भीमा-अमरजा संगमावर स्नान, मठातील निर्गुण पादुकांचे दर्शन, दुपारची माधुकरी आणि सायंकाळी परत. माझी सूचना एवढीच, की तेथे दोन रात्री अधिक राहावे आणि भीमेच्या काठाकाठाने खाली जावे.

कारंज्यात जन्मलेले नृसिंह सरस्वती औदुंबर, नृसिंहवाडी करीत येथे स्थिरावले, हे सर्वश्रुत आहे. परंतु ‘गुरुचरित्र’ रचणारा सरस्वती गंगाधर कन्नडभाषक होता. आपल्याला मराठी येत नाही, असे त्याने ग्रंथातच नम्रपणे नमूद केले आहे. त्याचा पूर्वज सायंदेव आळंद तालुक्यातील कडगंचीचा. ज्या पोथीवर आपली मराठी पोसली, ती अशी या सीमेवरचीच आहे.

गाणगापुराखाली फिरोजाबाद लागते. फिरोजशहा बहमनीने १४०० च्या सुमारास वसविलेले हे नगर. तीन बाजूंस तट, चौथ्या बाजूस भीमा. आता ते ओसाड आहे. अर्धा दिवस पुरे.

खरे रेंगाळावे ते चित्तापूर तालुक्यातील सन्नतीला. येथील चंद्रलांबा ही कित्येक मराठी कुळांची कुलदेवता. जवळच्या कनगनहळ्ळीला १९९४ पासून झालेल्या उत्खननात बौद्ध महास्तूप उजेडात आला. तेथील एका शिल्पावर ‘रायो असोको’ अशी ब्राह्मी अक्षरे आहेत. नाव कोरलेले अशोकाचे असे शिल्प म्हणून त्याचे मोल फार मोठे. शेजारी छिमुक, पुळुमावी ही सातवाहनांची नावे, म्हणजे थेट पैठणशी नाते! लेखांची भाषा प्राकृत, आपल्या मराठीच्या पूर्वजांच्या कुळातली.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर ‘आपण येथले की तिकडचे’ हा प्रश्न आपल्या घरांतून वारंवार निघत आला आहे. कनगनहळ्ळीच्या आधारे कोणी प्राचीन हक्क सांगू लागला, तर मला ते पटणार नाही. प्राकृत ही राजसत्तेची आणि संघाची लेखनभाषा होती. भीमाकाठच्या चुलीपाशी कोणती बोली होती, ते शिळा सांगत नाही.

सन्नतीच्याच देवस्थान परिसरात १९८६ मध्ये कालीमंदिराचे छत कोसळले आणि मूर्तीखालची शिळा अशोकाच्या आज्ञांची निघाली. दोन्ही अंगांनी कोरलेली. मूर्ती बसविण्यासाठी मध्यभागी खोबण पाडताना काही अक्षरे कायमची गेली. उरलेली मात्र देवीच्या आसनाखालीच शाबूत राहिली.