निमित्त काढून बाहेर पडलेल्या

चाळिशी-पन्नाशीची बाई गाण्याच्या क्लासला जाऊ लागली, मैत्रिणींबरोबर चार दिवस कुठे निघाली, किंवा दुपारी दार लावून काही लिहीत बसली, की घरात कुणीतरी हमखास म्हणतं, 'आमच्या आईला, आजीला नाही बाई असलं काही लागलं.' यात टोमणा असतोच, पण इतिहासाविषयीचा एक दावाही असतो. स्वतःची गरज ओळखणारी प्रौढ गृहिणी ही अलीकडची, शहरातली, खाऊनपिऊन सुखी घरातली निपज आहे आणि मागच्या पिढ्यांतल्या बायका संसारातच तृप्त होत्या, असा तो दावा. गेल्या दीडशे वर्षांतला महाराष्ट्र पाहिला तर तो टिकत नाही. गरज होती, आणि ती भागवण्याची एक ठरलेली रीतही होती : निमित्त काढायचं. देवाचं, मुलांचं, काटकसरीचं, नवऱ्याच्या स्मृतीचं. या निमित्तांवर घरच्यांनी विश्वास ठेवला हे समजण्यासारखं आहे. पुढे इतिहास लिहिणाऱ्यांनीही ठेवला, हे मात्र नवल आहे.

रमाबाई रानडे यांच्यापासून सुरुवात करू, कारण त्यांनी स्वतःच बरंच लिहून ठेवलं आहे. 1873 मध्ये अकरा वर्षांच्या असताना त्यांचं न्यायमूर्ती रानड्यांशी लग्न झालं. शिकायला लावणारा नवरा आणि शिकण्याला विरोध करणाऱ्या घरातल्या बायका, यांच्या कात्रीत त्यांची उमेदीची वर्षं गेली. मुलींच्या हायस्कूलच्या मागणीसाठी पुण्यात भरलेल्या सभेत त्यांनी गव्हर्नरांपुढे इंग्रजीतून निवेदन वाचलं, तेव्हा घरी काय रामायण घडलं ते त्यांच्या आठवणींतच वाचावं. बोलणी, टोमणे, अबोला, सारं काही. पण माझ्या विषयाच्या दृष्टीने त्यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध अधिक महत्त्वाचा. 1901 मध्ये न्यायमूर्ती गेले. 1909 मध्ये पुण्यात सेवासदन उभं राहिलं तेव्हा रमाबाई सेहेचाळीस-सत्तेचाळीस वर्षांच्या होत्या. संस्थेच्या उभारणीत गोपाळ कृष्ण देवधर त्यांच्या बरोबर होते. शाळेचं वय उलटून गेलेल्या विवाहित बायका आणि विधवा यांच्यासाठी तिथे वर्ग निघाले. जिची मुलं शाळेत जातात अशा बाईने पुन्हा पाटीपुस्तक हातात घ्यावं, ही त्या काळात थट्टेचीच गोष्ट होती.

ती थट्टा सेवासदनने कशी टाळली, हे पाहण्यासारखं आहे. लिहिणं-वाचणं, शिवण, प्रथमोपचार, आजाऱ्याची शुश्रूषा, यांपैकी कशालाच घरातल्या वडीलधाऱ्यांना सरळ नाही म्हणता येत नव्हतं. शिवण आलं तर शिंप्याचे पैसे वाचणार. शुश्रूषा आली तर सासऱ्यांचं आजारपण निभणार. हिशेब लिहिता आला तर वाण्याकडून फसगत होणार नाही. संसाराला उपयोगी, एवढ्या एका शब्दावर बाई उंबरा ओलांडू शकत होती. पुढे त्याच शुश्रूषेच्या वर्गांतून बायका ससून रुग्णालयात परिचारिकेच्या शिक्षणासाठी गेल्या, शिवणाच्या वर्गांतून कमावत्या झाल्या, आणि अध्यापिका होण्याची सोयही संस्थेने केली. सासऱ्यांच्या आजारपणासाठी मागितलेली परवानगी अखेर स्वतःच्या पगारापर्यंत पोचली. हे आपोआप घडलं असं मानणं रमाबाईंच्या बुद्धीचा अपमान आहे. ज्या घरात त्यांनी अबोला सोसला, तिथेच त्या शिकल्या होत्या की शिक्षणाला होणारा विरोध अक्षरांना नसतो, बाईने स्वतःसाठी काही करण्याला असतो.

लेखनातही हीच चाल दिसते. रमाबाईंचं पुस्तक 1910 मध्ये आलं. त्याचं नाव 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' आणि निमित्त न्यायमूर्तींच्या स्मृतीचं. थोर पुरुषाच्या पत्नीने त्यांच्याविषयी लिहावं, याला कोण हरकत घेणार? पण वाचणाऱ्याच्या मनात राहते ती सभेहून परतल्यावर स्वयंपाकघराच्या दाराशी घुटमळणारी, आता कोण काय बोलेल याचा अंदाज घेणारी तरुण बाई. लक्ष्मीबाई टिळकांचंही असंच. त्यांचे पती रेव्हरंड टिळक 1919 मध्ये गेले. त्यांच्या चरित्रासाठी साधन म्हणून लक्ष्मीबाईंनी आठवणी लिहायला घेतल्या, आणि त्यांतून 1934 ते 1936 या काळात 'स्मृतिचित्रे' हे मराठी गद्यातलं एक अव्वल पुस्तक उभं राहिलं. त्या तेव्हा पासष्टीच्या पुढे होत्या. टिळक त्या पुस्तकात सर्वत्र आहेत, पण ते लक्ष्मीबाईंच्या नजरेतून दिसतात, आणि ती नजर भाबडी नाही. दोघींनीही या आठवणी लिहिल्या त्या नवरा गेल्यावर. सौभाग्य असताना जो वेळ बाईला स्वतःचा म्हणून मिळाला नाही, तो वैधव्याने दिला. वैधव्याइतकं क्रूर निमित्त दुसरं नसेल, आणि त्याचाही या बायकांनी उपयोग करून घेतला.

यावर पहिला आक्षेप येणार तो ठरलेला : या साऱ्या पुण्यामुंबईच्या, उच्चवर्णीय, नाव असलेल्या नवऱ्यांच्या बायका. बाकीच्यांना पोटाची भ्रांत होती, त्यांना स्वतःच्या गरजांचं काय कौतुक? आक्षेप अर्धा खरा आहे. लेखी पुरावा वरच्या थरातलाच जास्त मिळतो. पण जो इतरत्र मिळतो तो वेगळं काही सांगत नाही. गी पॉइटवॅं आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्यांची संख्या लाखाच्या वर आहे. पहाटेच्या अंधारात जात्याचा खुंटा धरून बसलेली बाई दळणाचं काम करत असते, म्हणून तिला कुणी उठवत नाही. माहेर, भाऊ, लेक, विठ्ठल, सासरचा जाच, मनातलं सगळं ती त्या घरघरीत मोकळं करते. पिठाची गिरणी गावात आली तेव्हा बाईच्या खांद्याचं दुखणं कमी झालं, त्याबद्दल हळहळ करणाऱ्यांनी आधी पायलीभर ज्वारी दळून पाहावी. पण कामाच्या आडोशाने मिळणारा तो तास-दोन तासांचा एकांतही गिरणीबरोबर गेला, हेही खरं.

फलटणच्या बेबीताई कांबळे यांची गोष्ट तर या आक्षेपाला पुरून उरते. त्या घरच्या लहानशा दुकानात बसत. गिऱ्हाईक नसलं की सामान बांधण्यासाठी आलेले कागद वाचत, आणि लिहीत. लिहिलेलं नवऱ्याच्या आणि मुलाच्या हाती लागू नये म्हणून दुकानातल्या कानाकोपऱ्यात दडवून ठेवत. वीस-एक वर्षं ते तसंच राहिलं. मग मॅक्सीन बर्नसन यांच्या प्रोत्साहनाने ते 'स्त्री' मासिकात क्रमशः आलं आणि 1986 मध्ये 'जिणं आमुचं' या नावाने पुस्तक झालं. दुकानात बसणं हे इथलं निमित्त. पुस्तकातही त्यांनी महार समाजाच्या जगण्याला पुढे ठेवलं, स्वतःच्या संसारातली मारहाण बाहेर ठेवली. तिच्याविषयी त्या पुढे मुलाखतीत मोकळेपणाने बोलल्या. रमाबाईंना पतीच्या स्मृतीचा आधार घ्यावा लागला, बेबीताईंनी समाजाच्या दुःखाचा घेतला. दोघींच्या आयुष्यात जमीन-अस्मानाचं अंतर, पण स्वतःबद्दल थेट बोलण्याआधी कुणाच्या तरी मागे उभं राहण्याची रीत एकच.

पोटाची भ्रांत असलेल्यांनाही केवळ पोटापुरतंच हवं असतं असं नाही, याचा पुरावा मुंबईत आहे. 15 मार्च 1959 रोजी गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तेच पुढचं लिज्जत. तिथली पद्धत अशी : सकाळी केंद्रावरून मळलेलं पीठ न्यायचं, घरी लाटून-वाळवून दुसऱ्या दिवशी पापड आणून द्यायचे, वजन व्हायचं आणि लाटणीचे पैसे त्या बाईच्या हातात पडायचे. पापड हे घरचंच काम, त्यामुळे कुणाच्या प्रतिष्ठेला धक्का नाही. मात्र त्या निमित्ताने बाई रोज घराबाहेर पडते, चारचौघींत बोलते, आणि पैसे नवऱ्याच्या हातून येत नाहीत. गिरणगावात कामगारांना जेवण घालणाऱ्या खानावळवाल्यांचं असंच. त्यांचं राबणं हे घरकामाचंच लांबण मानलं जाई, सावकार मात्र त्यांच्याकडून व्याज चोख वसूल करी. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना बँकेच्या कर्जापर्यंत नेलं. कर्जाच्या कागदावर स्वतःच्या नावाने अंगठा उठवणं ही खानावळ चालवणाऱ्या बाईची गरज नव्हती, असं म्हणणाऱ्याने गरज म्हणजे काय ते आधी सांगावं.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. वारीला जाणारी, एकादशीला भजनी मंडळात टाळ धरणारी बाई खरोखर भाविक होती. तिच्या भक्तीला निमित्त म्हणणं म्हणजे आपल्या आजच्या कल्पना तिच्यावर लादणं. हा इशारा मला मान्य आहे. तिची श्रद्धा खोटी होती असं मी म्हणत नाही, रमाबाईंचं पतीवरचं प्रेमही खोटं नव्हतं. पण निमित्त खोटंच असावं लागतं असा कुठे नियम आहे? विठ्ठलावर खरी भक्ती असलेल्या बाईला घरातल्या देव्हाऱ्यासमोरही ती करता आली असती. ती आळंदी-देहूहून पंढरपूरपर्यंत चालत जाते, वाटेत स्वयंपाक, शेरडं, नातवंडं यांतलं काही तिच्या डोक्यावर नसतं, आणि बरोबरीच्या बायकांशी ती फुगडी घालते. भक्ती आणि मोकळीक तिथे एकाच वाटेने चालतात. त्यांतलं एकच खरं मानायचं असेल तर ती सक्ती आपली आहे, तिची नव्हे. शिवाय वय पाहा. नव्या सुनेला अशी सवड फारशी मिळत नसे. सून घरात आली, पोरं हाताशी आली, की मगच निघता येई. म्हणजे एका बाईची मोकळीक दुसऱ्या, तरुण बाईच्या कष्टांवर उभी होती. या रिवाजातली ही सर्वांत कडू बाजू आहे, आणि तिच्याबद्दल गौरवग्रंथांत अवाक्षर सापडत नाही.

तिसरा प्रश्न असा, की निमित्ताने मिळवलेलं टिकतं का? सरळ मागितलं असतं तर अधिक मिळालं नसतं का? सरळ बोलणारीचं काय झालं ते इथे आठवावं. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिलं, कसलीही आडपडद्याची भाषा न वापरता. महात्मा फुल्यांनी त्यांची बाजू घेतली, पण बाकी टीकाच झाली. ताराबाईंचं दुसरं पुस्तक निघालं नाही, आणि हे पुस्तकही विस्मरणात गेलं. 1975 मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापलं तेव्हा कुठे मराठी वाचकांना त्याचा पत्ता लागला. हे उदाहरण समोर असताना रमाबाईंच्या सावधपणाला भित्रेपणा म्हणण्याचं धाडस मी करणार नाही.

तरीही निमित्ताची किंमत मोठी होती. जे संसाराच्या नावाने मिळतं ते संसाराच्याच नावाने काढूनही घेता येतं. नातू झाला, सासू अंथरुणाला खिळली, की क्लास बंद. 1972 मध्ये महागाईविरुद्ध मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने हजारो गृहिणी लाटणी आणि थाळ्या घेऊन रस्त्यावर आल्या. स्वयंपाकघराच्या निमित्ताची ताकद त्याहून ठळकपणे क्वचितच दिसली असेल. मागण्या मात्र तेल, साखर, रॉकेलच्याच राहिल्या. लाटणं हातात घेऊन घरातल्या कामाची वाटणी मागायला कुणी निघालं नाही. निमित्त दार उघडतं, पण पुढे कुठवर जायचं तेही तेच ठरवतं. 1990 मध्ये सुनीता देशपांडे यांचं 'आहे मनोहर तरी' आलं. लोकप्रिय नवरा हयात, बाई साठी ओलांडलेली, आणि कोणत्याही स्मृतीचा आडोसा न घेता स्वतःचा हिशेब मांडलेला. त्यावर जो गदारोळ झाला त्यावरून ऐंशी वर्षांत घरं किती बदलली होती आणि किती नव्हती, ते कळतं. घरकामाच्या वाटणीचा प्रश्न तर त्यानंतरही सुटला नाही : 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्या बिनपगारी कामाला दिवसाला सरासरी 299 मिनिटं देत होत्या, आणि त्यात हात लावणारे पुरुष 97 मिनिटं.

या इतिहासाचा मोठा भाग अजून कपाटांच्या वरच्या फळ्यांवर पडून आहे : भिशीच्या वह्या, भजनी मंडळांच्या हजेऱ्या, पाककृतींच्या वहीत मागच्या पानांवर केलेले जमाखर्च, सहलींचे हिशेब, शिवणवर्गाची प्रमाणपत्रं. आईची किंवा आजीची खोली आवरायला काढाल तेव्हा ते रद्दीवाल्याला देऊ नका. आधी वाचा, आणि जवळच्या एखाद्या ग्रंथालयाला किंवा विद्यापीठाच्या संग्रहाला विचारा, त्यांना ते हवं आहे का.