रेडिओ स्कॅनर : डिजिटल आपत्कालीन सेवा आणि यंत्राची निवड

रेडिओ स्कॅनर : पोलीस, अग्निशमन दल, रुग्णवाहिका, रेल्वे, विमानतळ यांसारख्या सेवांचे बिनतारी बोलणे ऐकण्याचे यंत्र. यावरून फक्त ऐकता येते, बोलता येत नाही. हे यंत्र ठरवून दिलेल्या वारंवारता एकामागून एक तपासत जाते. एखादीवर बोलणे सुरू आहे असे आढळले की तिथे थांबते आणि ते संपले की पुढे सरकते. स्कॅनर ऐकण्याची परंपरा सर्वांत खोल रुजली ती अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत. स्वयंसेवी अग्निशामक, बातमीदार, अपघातग्रस्त गाड्या ओढून नेणारे चालक, वणव्यांच्या पट्ट्यात राहणारी कुटुंबे आणि निव्वळ हौशी माणसे तिथे पिढ्यान्‌पिढ्या स्कॅनर ऐकत आली आहेत. आपत्कालीन सेवा डिजिटल झाल्यापासून मात्र यंत्राची निवड अवघड झाली आहे. महागडे यंत्र घरी आणूनही त्यातून एक शब्द ऐकू येत नाही, असा अनुभव आता दुर्मीळ राहिलेला नाही. म्हणून निवडीची सुरुवात दुकानातून करू नये. ती आपल्या काउंटीतली रेडिओ यंत्रणा कोणती, या प्रश्नापासून करावी.

पूर्वपीठिका : डेट्रॉइट पोलिसांनी १९२८ साली गस्तीच्या मोटारींना नियमितपणे बिनतारी संदेश पाठवायला सुरुवात केली. ते संदेश एकतर्फी होते. मोटारीतून उत्तर देण्याची सोय नव्हती. १९३० च्या दशकात घरोघरी आलेल्या अनेक रेडिओंच्या तबकडीवर पोलिसांचा पट्टा छापलेला असे, त्यामुळे ऐकायला वेगळे यंत्र लागत नव्हते. ‘विजी’ या टोपणनावाने प्रसिद्ध असलेले न्यूयॉर्कचे छायाचित्रकार आर्थर फेलिग यांनी १९३८ मध्ये स्वतःच्या मोटारीत पोलीस रेडिओ बसवून घेतला. कित्येकदा ते पोलिसांच्याही आधी घटनास्थळी पोहोचत. पुढे दुतर्फा संभाषण आले, सेवा वरच्या वारंवारतांवर गेल्या आणि खास स्कॅनर बाजारात आले. सुरुवातीच्या यंत्रांत प्रत्येक चॅनेलसाठी वेगळा क्रिस्टल विकत घ्यावा लागे. नंतर आकड्यांच्या कळा दाबून हवी ती वारंवारता भरता येऊ लागली. ‘बेअरकॅट’ हे त्या काळातले गाजलेले नाव. १९८० च्या दशकात ते युनिडेन कंपनीकडे गेले. रेडिओशॅकच्या दुकानांतून विकले जाणारे स्कॅनरही तितकेच लोकप्रिय होते. त्या ॲनालॉग काळात यंत्राला तो पट्टा घेता आला की बोलणे ऐकू येई, यापलीकडे काही पाहावे लागत नसे.

ट्रंकिंग : ही सोपी स्थिती पहिल्यांदा बदलली ती ट्रंकिंगमुळे. प्रत्येक खात्याला स्वतंत्र वारंवारता देण्याइतकी जागा मोठ्या शहरांत उरली नव्हती. म्हणून काही वारंवारता एकत्र करून त्या सगळ्या खात्यांनी गरजेनुसार वापरायच्या, अशी पद्धत विशेषतः ८०० मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात रूढ झाली. शिपायाने बोलण्याची कळ दाबली की त्याचा रेडिओ नियंत्रण-चॅनेलवर मागणी नोंदवतो. संगणक त्या क्षणी रिकामी असलेली वारंवारता त्याला देतो आणि त्याच्या गटातले, म्हणजे ‘टॉकग्रुप’मधले, सगळे रेडिओ आपोआप तिकडे वळतात. पुढचे वाक्य कदाचित दुसऱ्याच वारंवारतेवर बोलले जाते. साध्या स्कॅनरवर अशा वेळी प्रश्न पोलिसांचा आणि उत्तर कचरागाडीचे, असा गोंधळ होतो. १९९७ मध्ये युनिडेनने नियंत्रण-चॅनेल वाचून टॉकग्रुपचा माग ठेवणारा स्कॅनर आणला. तेव्हापासून नुसत्या वारंवारतांची यादी पुरेनाशी झाली. यंत्रणेची पूर्ण माहिती यंत्रात भरावी लागते. २०१० पासून काही यंत्रांत आपल्या ठिकाणाचा पिनकोड भरला की ही माहिती आतल्या साठ्यातून आपोआप येते. नवख्याने हीच सोय असलेले यंत्र घ्यावे. हाताने भरणे शिकण्यासारखे आहे, पण पहिल्या महिन्यात अनेकजण त्यालाच कंटाळून नाद सोडतात.

पी-२५ आणि त्याचे दोन टप्पे : डिजिटल संदेशवहनाचे अमेरिकी मानक म्हणजे ‘प्रोजेक्ट २५’, बोलीत पी-२५. सार्वजनिक सुरक्षा संदेशवहन अधिकाऱ्यांच्या ‘ॲप्को’ या संघटनेच्या पुढाकाराने १९८९ मध्ये त्याचे काम सुरू झाले. वेगवेगळ्या कंपन्यांच्या रेडिओंना एकमेकांशी बोलता यावे हा त्यामागचा हेतू. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात वेगवेगळ्या दलांचा एकमेकांशी संपर्क होण्यात आलेल्या अडचणी उघड झाल्या. त्यानंतर केंद्र सरकारच्या अनुदानांनी या मानकाला मोठे बळ दिले. पहिल्या टप्प्यात १२.५ किलोहर्ट्‌झच्या एका चॅनेलवर एकच संभाषण चालते. दुसऱ्या टप्प्यात तेवढ्याच जागेत वेळेचे दोन भाग करून दोन संभाषणे आळीपाळीने पाठवली जातात. जुने डिजिटल स्कॅनर फक्त पहिला टप्पा जाणतात. त्यामुळे वापरलेले यंत्र घेताना ‘डिजिटल’ एवढ्या शब्दावर भुलू नये. दुसरा टप्पा चालतो का, हे स्पष्ट विचारून घ्यावे. ॲनालॉग यंत्रावर पी-२५ लावले तर शब्द येतच नाहीत, मोटारीच्या इंजिनासारखी घरघर तेवढी ऐकू येते.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. १ जानेवारी २०१३ पासून अमेरिकेच्या संघीय संदेशवहन आयोगाने बऱ्याच व्हीएचएफ आणि यूएचएफ वापरकर्त्यांना चॅनेलची रुंदी २५ वरून १२.५ किलोहर्ट्‌झवर आणायला लावली. ही सक्ती रुंदी कमी करण्यापुरती होती, डिजिटल होण्याची नव्हती. विक्रेत्यांनी मात्र ‘आता सगळे डिजिटल होणार’ अशी हवा केली आणि लोकांनी नसते खर्च केले. जी गावे तेव्हा ॲनालॉगवर राहिली, ती जुन्या स्कॅनरवर नंतरही ऐकू येत राहिली, फक्त आवाज थोडा दबला.

पी-२५ शिवाय डीएमआर आणि एनएक्सडीएन या दोन डिजिटल पद्धती लहान काउंट्या, अग्निशमन दले आणि खासगी कंपन्यांत आढळतात. युनिडेनच्या अनेक यंत्रांत त्या सुरू करायला वेगळे पैसे भरावे लागतात. व्हिसलर कंपनीच्या टीआरएक्स मालिकेत त्या आधीपासून अंतर्भूत असतात. किमतींची तुलना करताना हा फरक धरावा.

सिमलकास्टची अडचण : डिजिटल स्कॅनर घेऊनही निराश होणाऱ्यांच्या निराशेचे खरे कारण बहुधा हेच असते आणि जाहिरातींत त्याचा उल्लेख क्वचितच सापडतो. मोठ्या काउंटीत अनेक मनोरे एकाच वारंवारतेवर, एकाच क्षणी, तेच बोलणे प्रक्षेपित करतात. त्याला सिमलकास्ट म्हणतात. पी-२५ च्या पहिल्या टप्प्यात सेकंदाला ४,८०० चिन्हे पाठवली जातात, म्हणजे एका चिन्हाच्या वाट्याला सुमारे २०८ मायक्रोसेकंद येतात. रेडिओलहर एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते. एक मनोरा दुसऱ्यापेक्षा १० किलोमीटर दूर असेल, तर त्याची लहर ३३ मायक्रोसेकंद उशिरा येते. हा उशीर चिन्हाच्या सहाव्या हिश्श्याएवढा भरतो. अशा दोन-तीन लहरी एकमेकींत मिसळल्या की चिन्हाची कड पुसट होते. खात्याच्या स्वतःच्या रेडिओत ही सरमिसळ सोडवण्याची व्यवस्था असते. नेहमीच्या घडणीच्या स्कॅनरमध्ये ती नसते.

याची खूण ओळखायला सोपी आहे. पडद्यावर सिग्नलच्या पट्ट्या काठोकाठ भरलेल्या, टॉकग्रुपचे नाव आलेले, आणि आवाज मात्र तुटक किंवा मुळीच नाही. माणूस मग छपरावर मोठा अँटेना चढवतो. त्याने आणखी दूरचे मनोरे ओढले जातात आणि त्रास वाढतो. करायचे ते उलट. अँटेना लहान करावा, यंत्र खिडकीपासून भिंतीकडे हात-दोन हात सरकवून पाहावे, किंवा एकाच मनोऱ्याकडे रोखलेला दिशादर्शी यागी अँटेना वापरावा. एवढ्याने भागले नाही, तर लहरीची कला आणि तीव्रता दोन्ही मोजणारे यंत्र लागते. युनिडेनचे एसडीएस-१०० (२०१८) आणि टेबलावर ठेवण्याचे एसडीएस-२०० (२०१९) हे या कामासाठीच निघाले. युनिकेशन कंपनीचे जी-४ आणि जी-५ हे अग्निशामकांसाठीचे पेजरही सिमलकास्टमध्ये चांगले चालतात, पण त्यांत माहिती भरणे किचकट आहे. एसडीएस-१०० वापरताना गरम होतो आणि बॅटरी भराभर खातो. तरीही सिमलकास्टच्या काउंटीत स्वस्त डिजिटल स्कॅनर घेऊन दोनदा खर्च करण्यापेक्षा एकदाच हे यंत्र घेणे शहाणपणाचे.

एन्क्रिप्शन : पैसे टाकून सुटत नाही अशी अडचण ही एकच. बोलणे एईएस-२५६ सारख्या गुप्तलेखनाने बंद केलेले असेल, तर बाजारातला कोणताही स्कॅनर ते उघडू शकत नाही. डेन्व्हर पोलिसांनी २०१९ मध्ये आपले चॅनेल बंद केले. ऑक्टोबर २०२० मध्ये कॅलिफोर्नियाच्या न्याय विभागाने पोलिसांना नागरिकांची व्यक्तिगत माहिती उघड्या चॅनेलवर न बोलण्याची सूचना केली आणि तिथल्या अनेक शहरांनी सगळेच संभाषण कुलूपबंद केले. न्यूयॉर्क पोलिसांनी २०२३ पासून तीच वाट धरली. शिकागोने ३० मिनिटे उशिराने ऐकण्याची सोय ठेवली; गोळीबार चालू असताना शेजारच्या गल्लीतल्या माणसाला तिचा उपयोग नाही.

पोलिसांची बाजू खोटी नाही. नाव, जन्मतारीख, परवान्याचा क्रमांक हे साऱ्या शहराने ऐकावे असे नसतेच, आणि गुन्हेगारही कान लावून असतात. पण त्यासाठी सगळे बंद करण्याची गरज नाही. कॅलिफोर्नियाच्या त्या सूचनेतच दुसरा पर्याय होता : संभाषण उघडे ठेवावे आणि नाजूक माहिती तेवढी वेगळ्या मार्गाने द्यावी. पालो आल्टो शहराने जानेवारी २०२१ मध्ये चॅनेल बंद केले आणि २०२२ मध्ये पुन्हा उघडले. त्यावरून हे जमण्यासारखे आहे हे सिद्ध झाले. अग्निशमन आणि रुग्णवाहिकेच्या पाचारणांवर कुलूप घालणे तर समर्थनीय नाहीच. वणवा कोणत्या डोंगराच्या कुशीत उतरला, हे ऐकून माणसे वेळेत घर सोडतात.

अजून ॲनालॉग काय : बरेच काही. कॅलिफोर्नियाचे वनवणवा दल, विमानांचा ११८ ते १३७ मेगाहर्ट्‌झचा पट्टा, १६० मेगाहर्ट्‌झच्या आसपासची रेल्वे, सागरी व्हीएचएफ आणि १६२.४०० ते १६२.५५० मधली सात हवामान चॅनेल साध्या यंत्रावर ऐकता येतात. ज्याला एवढेच हवे, त्याला युनिडेनचा बीसी-१२५एटी पुरतो. तो एसडीएस-१०० च्या जवळपास पाव किमतीत मिळतो.

संगणक आणि फोन : २०१२ च्या सुमारास दूरचित्रवाणीसाठी बनवलेल्या स्वस्त यूएसबी तुकड्यातून खूप मोठ्या पट्ट्यातल्या वारंवारता ऐकता येतात हे हौशी तंत्रज्ञांच्या लक्षात आले. आरटीएल-एसडीआर नावाचा हा तुकडा आणि ‘एसडीआरट्रंक’सारखी मोफत प्रणाली मिळून आज पी-२५ चे दोन्ही टप्पे, सिमलकास्टसह, उत्तम उलगडतात. संगणकाशी झटापट करण्याची तयारी असलेल्याला हा सर्वांत स्वस्त आणि कित्येकदा सर्वांत चांगला मार्ग. ज्याला कधीमधीच ऐकायचे आहे, त्याला ‘ब्रॉडकास्टिफाय’सारखी इंटरनेट सेवा पुरे. तिथला आवाज मात्र थोडा उशिराने येतो, आणि कुणी स्वयंसेवक आपला स्कॅनर जोडून ठेवील तेव्हाच येतो. एप्रिल २०१३ मध्ये बॉस्टन मॅरेथॉन स्फोटातील संशयितांचा शोध चालू असताना असंख्य लोक पोलीस चॅनेल असे ऐकत होते. ऐकलेले समाजमाध्यमांवर टाकू नका, अशी विनंती पोलिसांना करावी लागली.

कायदा : अमेरिकेत उघडे प्रक्षेपण घरात ऐकणे सर्वसाधारणपणे वैध आहे. सेल्युलर फोनचा ८०० मेगाहर्ट्‌झमधला पट्टा ऐकू शकणारे स्कॅनर बनवण्यावर आणि आयात करण्यावर १९९४ पासून बंदी आहे. न्यूयॉर्क, फ्लोरिडा, इंडियाना, केंटकी, मिनेसोटा अशा काही राज्यांत मोटारीत पोलीस स्कॅनर बाळगण्यावर निर्बंध आहेत. हौशी रेडिओ परवानाधारकांना बहुधा सूट मिळते. युरोपात आपत्कालीन सेवा प्रामुख्याने टेट्रा या गुप्तलेखनयुक्त पद्धतीवर चालतात, त्यामुळे तिथे पोलिसांसाठी स्कॅनर घेण्यात अर्थ नाही. ब्रिटनमध्ये तर आपल्यासाठी नसलेले संदेश ऐकणेही बेकायदा आहे.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. खरेदीपूर्वी ‘रेडिओरेफरन्स’ या संकेतस्थळाच्या माहितीसाठ्यात आपली काउंटी उघडून यंत्रणा पी-२५ ची आहे का, टप्पा कोणता, सिमलकास्ट आहे का आणि हवे ते टॉकग्रुप कुलूपबंद आहेत का, एवढे पाहावे; ते बंद असतील तर पोलिसांसाठी स्कॅनर घेऊच नये. दुसरी गोष्ट, सुटीत भारतात येताना हे यंत्र सामानात ठेवू नये. परवान्याविना बिनतारी यंत्र बाळगणे भारतात १९३३ च्या कायद्यापासून गुन्हा मानले गेले आहे, आणि २०२३ चा दूरसंचार कायदाही रेडिओ यंत्र बाळगण्यासाठी सरकारी परवानगीची अट घालतो.