गादीवरचा काळा वस्ताद

आपल्या पोरांना मुहम्मद अली ठाऊक असतो. बॉबी डग्लस म्हटलं की गप्प. ठोसा लांबूनही मारता येतो, पण कुस्तीत अंगाला अंग भिडवावंच लागतं. शिवाशिवीच्या देशात वाढलेल्यांना यातली गोम वेगळी सांगायला नको.

डग्लस ज्या ओक्लाहोमात पुढं शिकला, त्याच राज्याच्या एका विद्यापीठानं जॉर्ज मॅकलॉरिन या काळ्या विद्यार्थ्याला वर्गालगतच्या कोनाड्यात बसवलं होतं. ग्रंथालयात त्याचं टेबल वेगळं, खाणावळीतही वेगळं. 1950 साली सुप्रीम कोर्टानं ते मोडून काढलं. बाबासाहेबांचं गोणपाट आठवतंय ना? तसलंच हे.

अशा मुलखात कुस्तीची गादीही गोऱ्यांचीच. 1957 साली आयोवा विद्यापीठाचा सायमन रॉबर्ट्स पहिला काळा राष्ट्रीय कॉलेज-विजेता झाला. डग्लस त्याच्या मागून आलेला. जन्म 1942 चा, ओहायोच्या कोळसा खाणींच्या पट्ट्यातला. वेस्ट लिबर्टी या लहानशा कॉलेजाकडून 1962 ला त्यानं छोट्या कॉलेजांची राष्ट्रीय स्पर्धा मारली, मग ओक्लाहोमा स्टेटला गेला. 1964 च्या जुलैत अमेरिकेत नागरी हक्क कायदा झाला, आणि ऑक्टोबरात हा गडी टोकियोत उतरला. अमेरिकेच्या ऑलिंपिक कुस्ती संघातला पहिला काळा मल्ल! चौथा आला, पदक हुकलं. 1966 ला जागतिक रौप्य, 1970 ला कांस्य.

हे सगळं हौशी. म्हणजे बिनपैशाचं. (घरात दूधदुभतं असलं की हौस परवडते, हे आपल्या तालमीतही दिसतंच.)

पण मला मोठी वाटते ती पुढची गोष्ट. काळ्याला लढवतात, टाळ्याही देतात. शिट्टी मात्र हातात देत नाहीत. डग्लसनं ती घेतली. 1974 पासून तो अ‍ॅरिझोना स्टेटचा वस्ताद. 1988 ला त्याच्या संघानं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, तेही एकाही वजनगटात पहिला नंबर नसताना! सगळ्यांनी थोडे थोडे गुण जमवले, बेरीज भरली. 1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकात फ्रीस्टाइल संघाचा मुख्य कोच तोच. दहा गटांत सहा पदकं, त्यात तीन सुवर्ण.

नंतर तो आयोवा स्टेटला गेला. तिथं केल सँडरसन नावाचा गोरा पोरगा त्याच्या हाताखाली शिकायला आला. 1999 ते 2002 या काळात तो 159 कुस्त्या लढला आणि एकही हरला नाही.