दहा पट्ट्यांचा भुंगा

बेळगाव तालुक्यात बटाटा पिकवणाऱ्या शेतकऱ्याला हा भुंगा माहीत नाही, आणि ते त्याचं भाग्यच. पण बटाट्याचा इतिहास वाचायचा तर कोलोराडो भुंग्याला टाळून चालत नाही.

अमेरिकेतील रॉकी पर्वतांच्या बाजूला हा भुंगा एका काटेरी रानटी झुडपावर जगत होता. 1824 साली थॉमस से याने त्याचे शास्त्रीय वर्णन केले. तेव्हा तो कुणाच्या अध्यात ना मध्यात. मग वसाहतवाले पश्चिमेकडे सरकले, सोबत बटाटा नेला. झुडूप आणि बटाटा एकाच कुळातले. भुंग्याला आयतं ताट मिळालं. 1859 मध्ये नेब्रास्कात ओमाहाच्या पश्चिमेला त्याने शेतं फस्त केली आणि 1874 पर्यंत तो अटलांटिक किनाऱ्याला पोचला. अंतर साधारण 2000 किलोमीटर, वर्षं 15. हिशेब करा: दरसाल 130 किलोमीटर, म्हणजे बेळगावहून निघून कोल्हापूरच्याही पुढं!

हे जमलं कसं, ते त्याच्या जीवनक्रमात आहे. सुमारे 1 सेंटिमीटरचा पिवळसर भुंगा, पाठीवर दहा काळे पट्टे. हिवाळा जमिनीत काढतो, वसंतात वर येतो. मादी पानाच्या खालच्या बाजूला नारिंगी अंड्यांचे पुंजके घालते. एकूण अंडी कित्येक शे. आठवड्याभरात लालसर, कुबडी अळी निघते, चार वेळा कात टाकते, पानांचे नुसते देठ ठेवते. मग मातीत कोष, आणि पुन्हा भुंगा. उबदार हवेत हे सगळं महिन्याभरात उरकतं.

उपाय म्हणून 1860 च्या दशकात शेतकऱ्यांनी पॅरिस ग्रीन उचललं. तांबं आणि सोमल असलेला हा मूळचा रंगाऱ्यांचा हिरवा रंग. पिकांवर विषारी औषध मारायची सवय मोठ्या प्रमाणावर लागली ती इथूनच. युरोप घाबरला, 1875 मध्ये जर्मनीने अमेरिकन बटाट्याची आयात बंद केली, 1877 मध्ये ब्रिटनने खास कायदा केला. तरी पहिल्या महायुद्धानंतर, 1922 मध्ये, भुंगा फ्रान्समध्ये बोर्दोजवळ ठाण मांडून बसला. 1950 मध्ये तर पूर्व जर्मनीच्या सरकारने, अमेरिकन विमानांनीच हे भुंगे टाकले, असा प्रचार केला आणि शाळकरी पोरांना भुंगे वेचायला शेतात धाडलं.

दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी आलं. काम फत्ते, असं वाटलं. पण 1950 च्या दशकातच लाँग आयलंडच्या भुंग्यांवर ते चालेनासं झालं. त्यानंतर आलेली 50 हून अधिक कीटकनाशकं या प्राण्याने कुठे ना कुठे पचवली आहेत. कारण साधं आहे. रानटी झुडपाच्या पानातलं विष पचवायची तयारी त्याच्याकडे आधीपासून होती, आणि प्रत्येक फवारणीतून जे वाचले त्यांचीच पुढची पिढी.

मी पेशाने इंजिनिअर. एकच बोल्ट पुन्हापुन्हा तुटत असेल तर बोल्ट नव्हे, डिझाइन तपासायचं, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. इथेही टिकलेले उपाय जुनेच आहेत: त्याच शेतात लागोपाठ बटाटा घ्यायचा नाही, अंडी-अळ्या हातानं वेचायच्या, बांधाला चर खणून चालत येणारा भुंगा अडवायचा. औषध शेवटी, तेही आलटूनपालटून.

ब्रिटिश सरकारने 1914 मध्ये हिंदुस्थानातही डिस्ट्रक्टिव्ह इन्सेक्ट्स अँड पेस्ट्स ॲक्ट आणला. बंदरावर बियाणं तपासणारा कारकून कंटाळवाणा वाटतो खरा. पण हा भुंगा अजून भारतात नाही, यात त्या कंटाळवाण्या कामाचाही वाटा आहे. परदेशातून येताना पिशवीत चार बटाटे टाकण्याआधी एवढं आठवावं.