कारखाना बंद पडल्यानंतरची जावा-येझदी

‘जावा’ हे जोडनाव आहे. १९२९ मध्ये प्रागच्या यानेचेक यांनी जर्मनीच्या वांडरर कंपनीचं मोटरसायकलचं काम विकत घेतलं, आणि दोन्ही नावांची सुरुवातीची अक्षरं जोडली. १९६१ मध्ये म्हैसूरला आयडियल जावाचा कारखाना सुरू झाला. पुढे गाडीचं नाव येझदी झालं आणि १९९६ मध्ये कारखान्याला कुलूप लागलं.

कंपनीचा इतिहास तिथे संपतो. गाड्यांचा संपत नाही. सुटे भाग मिळेनासे झाले, तरी माहिती माणसांकडे राहिली. आता बघा, या टू-स्ट्रोक इंजिनात क्लचच्या बाजूचं क्रँकचं ऑइल सील गेलं, की गिअरबॉक्समधलं तेल इंजिनात ओढलं जातं आणि पांढरा धूर निघतो. नवखा माणूस पिस्टन बदलत बसतो. जुना मिस्त्री एवढंच विचारतो, ‘गिअरऑइल कमी होतंय का?’

म्हणून ही गाडी एकट्याच्या बळावर उभी राहत नाही. एकाकडे जुनी टाकी असते, दुसऱ्याकडे कार्ब्युरेटर, आणि क्रँक उघडून परत सरळ बसवणारा हात तिसऱ्याचा असतो. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा दिवसाला हे लोक जमतात. आपण क्रोमची चकाकी बघतो. खरी देवघेव बाजूला, चहा पिताना चाललेली असते.

पण यातलं फारसं कुणी लिहून ठेवलेलं नाही, आणि ते मिस्त्री आता थकलेत. तुमच्या गावात असे कुणी असतील, तर गाडी नेताना सोबत एक वहीही न्या.