घरजप्तीचे संकट, अमेरिकेतील

गृहकर्जाचे हप्ते थकल्याने तारण घरे ताब्यात घेऊन लिलावात काढण्याची २००७ पासून उसळलेली लाट. ऐपत न पाहता दिलेली ‘सबप्राइम’ कर्जे, आधी कमी आणि मग चढणारे व्याज, २००६ नंतर कोसळलेल्या घरांच्या किमती ही तिची मुख्य कारणे. एकट्या २०१० मध्ये सुमारे २९ लाख मालमत्तांवर जप्तीच्या नोटिसा निघाल्या.

क्लीव्हलँडमधील स्लाविक व्हिलेज ही कामगारवस्ती या संकटाचे ठळक उदाहरण ठरली. घर रिकामे झाले की भंगारचोर भिंती फोडून तांब्याचे नळ उपसत. फुटक्या जोडांतून पाणी तळघरात साचे आणि लाकूड कुजू लागे. अशा घराच्या शेजाऱ्याने एकही हप्ता चुकवलेला नसला, तरी त्याच्या घराचा भाव पडेच. मालमत्ता कर आटल्याने त्यावर चालणाऱ्या शाळाही अडचणीत आल्या. कॅलिफोर्नियातील बेकर्सफील्डमध्ये तर सोडून दिलेल्या घरांच्या हिरव्या पडलेल्या जलतरण तलावांत डास वाढले आणि २००७ मध्ये वेस्ट नाइल तापाचे रुग्ण वाढले. कर्जबाजारीपणाचा हा परिणाम कोणत्याच ताळेबंदात नव्हता.

झळ सर्वांना सारखी बसली नाही. २००५ ते २००९ दरम्यान हिस्पॅनिक कुटुंबांची मध्यक संपत्ती ६६ टक्क्यांनी, कृष्णवर्णीयांची ५३ टक्क्यांनी, तर श्वेतवर्णीयांची १६ टक्क्यांनी घटली. कागद न वाचताच जप्तीच्या शपथपत्रांवर धडाधड सह्या झाल्याचेही उघड झाले. त्यावरून २०१२ मध्ये पाच मोठ्या कर्जसंस्थांनी सुमारे २५ अब्ज डॉलरची तडजोड केली. त्याच सुमारास गुंतवणूक कंपन्यांनी जप्त घरे घाऊक विकत घेऊन भाड्याने देणे सुरू केले.